डेटाबेसचा विसरलेला पासवर्ड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांतील चार पत्रे एकाच अडचणीची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन लिपीत टंकावी लागतील.

प्रश्न : परळ येथील आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात सभासद, पुस्तके आणि देवघेव यांच्या सर्व नोंदी कार्यालयातील एका विंडोज संगणकावर मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये आहेत. देवघेवीचे सॉफ्टवेअर एका ज्येष्ठ सभासदांनी विनामूल्य करून दिले होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. डेटाबेसच्या 'रूट' या प्रशासक खात्याचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक होता. खिडकीवरचे काम आजही सुरळीत चालते, परंतु बॅकअप घ्यायचा म्हटले की पासवर्ड मागितला जातो आणि १०४५ क्रमांकाची त्रुटी येते. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मायएसक्यूएल काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला दिला असून जुन्या नोंदींची हमी देता येणार नाही, असेही सांगितले आहे. दुसरा मार्ग नाही का?
— मानद कार्यवाह, परळ

उत्तर : दुसरा मार्ग आहे आणि तो नोंदींना हात न लावता पार पडतो. तेव्हा मायएसक्यूएल कृपया कोणालाही काढू देऊ नका. ते काढताना डेटा डिरेक्टरीही काढून टाकायची का, असे विचारले जाते आणि तेथे घाईने दिलेला होकार ग्रंथालयाच्या सगळ्या नोंदी घेऊन जाऊ शकतो.

आपल्या नोंदी आणि रूटचा पासवर्ड यांचा संबंध समजतो त्यापेक्षा बराच सैल असतो. नोंदी डेटा फोल्डरातील फाइलींमध्ये असतात आणि आपण मुद्दाम तशी सोय केली नसेल, तर त्या पासवर्डाने कूटबद्ध केलेल्या नसतात. पासवर्ड हा 'मायएसक्यूएल' नावाच्याच अंतर्गत डेटाबेसमधील 'यूजर' या तक्त्यातील एका ओळीचा मामला आहे आणि तेथेही तो जसाच्या तसा लिहिलेला नसतो, तर त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असे गणिती रूप, ठेवलेला असतो. ८.० आवृत्तीची नेहमीची पद्धत हा हॅश तयार करताना एसएचए-२५६ या हॅश-पद्धतीची प्रक्रिया ५००० वेळा करते. त्यामुळे जुना पासवर्ड त्या तक्त्यातून वाचून काढता येणार नाही. नवा मात्र ठेवता येतो, कारण ज्याच्या हाती त्या संगणकाचे विंडोज प्रशासक खाते आहे, त्याला सर्व्हर, म्हणजे डेटाबेस चालवणारा मूळ प्रोग्राम, हव्या त्या सूचनेसह सुरू करण्याचा अधिकार आहे.

परंतु पासवर्ड बदलण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधा, कारण या सगळ्या कामात नुकसान होण्याची शक्यता सर्वाधिक येथेच आहे. खिडकीवरचे सॉफ्टवेअर रोज चालते, याचा अर्थ त्याला डेटाबेसचा कोणता ना कोणता पासवर्ड माहीत आहे. तो कोणत्या खात्याचा आहे? एकट्याने आणि आपुलकीने तयार केलेल्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे खाते काढण्याऐवजी रूटच वापरलेले असणे फार सामान्य आहे. तसे असेल आणि आपण रूटचा पासवर्ड बदललात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी देवघेव बंद पडेल आणि ती का बंद पडली हे सांगणारे कोणी नसेल. म्हणून सॉफ्टवेअरच्या फोल्डरात 'आयएनआय', 'कॉन्फिग' किंवा 'एक्सएमएल' अशा शेवटाच्या फाइली नोटपॅडमध्ये उघडून त्यात 'लोकलहोस्ट' (म्हणजे हाच संगणक) हा शब्द शोधा. त्याच्या आसपास बहुधा खात्याचे नाव आणि पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेले आढळतात. तेथे रूटचेच नाव निघाले, तर आपल्याला हवा असलेला पासवर्ड समोर आहे आणि पुढचे काही करण्याची गरज नाही. दुसरे नाव निघाले, तर रूटचा पासवर्ड बदलल्याने खिडकीवर काहीही परिणाम होणार नाही. काहीच सापडले नाही, तर माहिती मूळ प्रोग्रामच्या आत बंदिस्त आहे असे धरून चाला. त्या परिस्थितीत रूटला हात न लावता स्वतःचे नवे प्रशासक खाते उघडणे हा माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

साप्ताहिक सुट्टीचा दिवस निवडा. विंडोजच्या सर्व्हिसेस या यादीत जाऊन 'मायएसक्यूएल८०' ही सेवा थांबवा. 'सी' ड्राइव्हवरील 'प्रोग्रामडेटा' या फोल्डरात मायएसक्यूएल सर्व्हर ८.० चा 'डेटा' फोल्डर असतो. प्रोग्रामडेटा हा फोल्डर विंडोज लपवून ठेवते, म्हणून तो पत्त्याच्या पट्टीत नाव टंकून उघडावा. सर्व्हर थांबलेला असताना हा संपूर्ण डेटा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. चालू सर्व्हरच्या फाइलींची अशी नक्कल विश्वासार्ह नसते, थांबलेल्या सर्व्हरची असते. ती डिस्क तळमजल्यावरच्या कार्यालयात ठेवू नका. हिंदमाता आणि परळ भागातील तळमजल्यांत पावसाळ्यात पाणी शिरते, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

आता नोटपॅडमध्ये एक छोटी फाइल तयार करा. तिच्यात दोन ओळी येतील आणि प्रत्येक ओळ अर्धविरामाने संपेल. पहिली : क्रिएट यूजर 'कार्यवाह'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'नवा पासवर्ड', दुसरी : ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन *.* टू 'कार्यवाह'@'लोकलहोस्ट' विथ ग्रँट ऑप्शन. खात्याचे नाव आपल्या आवडीचे रोमन अक्षरांत द्या आणि लहान-मोठी अक्षरे लक्षात ठेवा, कारण मायएसक्यूएल खात्याच्या नावात त्यांचा भेद करते. अवतरणचिन्हे सरळ उभी असली पाहिजेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून आज्ञा उचलली की ती चिन्हे पुष्कळदा वळणदार होऊन येतात; डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण सर्व्हर ती ओळ नाकारतो आणि माणूस तासभर पासवर्डालाच दोष देत बसतो. मराठी कळफलक चालू राहिला असेल, तर अंकही देवनागरी उमटतात, तेही पाहून घ्या. ही फाइल 'सी' ड्राइव्हवर 'इनिट.टीएक्सटी' या नावाने साठवा. विंडोज फाइलींच्या नावांचा शेवट लपवत असेल, तर तिचे खरे नाव 'इनिट.टीएक्सटी.टीएक्सटी' झालेले नाही ना, याची खात्री करा.

यानंतर कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडा, मायएसक्यूएल सर्व्हरच्या 'बिन' फोल्डरात जा आणि 'मायएसक्यूएलडी' हा प्रोग्राम तीन सूचनांसह चालवा. पहिली 'डिफॉल्ट्स-फाइल', जिच्यापुढे प्रोग्रामडेटातील 'माय.आयएनआय' या फाइलीचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत द्यायचा. ही सूचना इतर सूचनांच्या आधीच असावी लागते आणि ती नसेल तर सर्व्हरला आपला डेटा कोठे आहे हेच सापडत नाही. दुसरी 'इनिट-फाइल', जिच्यापुढे आपल्या दोन ओळींच्या फाइलीचा पत्ता द्यायचा. तिसरी 'कन्सोल', म्हणजे सर्व्हरचे सर्व संदेश त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये दिसतील. प्रत्येक सूचनेआधी दोन आडव्या रेघा असतात. सर्व्हर सुरू होताना त्या दोन ओळी पूर्ण अधिकाराने अमलात आणतो. आपली फाइल वाचताना काही चुकले, तर तसा संदेश तेथेच उमटतो.

सर्व्हर उभा राहिला, की दुसऱ्या कमांड प्रॉम्प्टमधून 'मायएसक्यूएलअ‍ॅडमिन' या प्रोग्रामाला नव्या खात्याचे नाव देऊन 'शटडाउन' सांगा. तो पासवर्ड विचारेल. सर्व्हर बंद झाला, तर आपला नवा पासवर्ड चालतो, हे त्याच वेळी सिद्ध झाले. त्यानंतर ती दोन ओळींची फाइल लगेच पुसून टाका, रीसायकल बिनमधूनही, कारण तिच्यात पासवर्ड उघडा लिहिलेला आहे. मग सर्व्हिसेसमधून मायएसक्यूएल नेहमीप्रमाणे सुरू करा.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी असताना नव्या खात्याने आत जाऊन 'शो प्रोसेसलिस्ट' ही आज्ञा द्या. देवघेवीचे सॉफ्टवेअर कोणत्या नावाने जोडले गेले आहे, ते त्या यादीत दिसेल. रूट नसेल, तर 'ऑल्टर यूजर' या आज्ञेने रूटचा पासवर्ड निर्धास्तपणे बदला. रूटच असेल, तर सॉफ्टवेअर समजून घेणारा जाणकार मिळेपर्यंत रूट आहे तसा राहू द्या. आपली बॅकअपची गरज नव्या खात्याने पूर्ण भागते.

इंटरनेटवर आपल्याला 'स्किप-ग्रँट-टेबल्स' हा आणखी एक मार्ग वाचायला मिळेल. त्यात सर्व्हर पासवर्ड तपासणेच सोडून देतो. दाराचे कुलूप बदलण्यासाठी दारच काढून ठेवण्यासारखे ते आहे, म्हणून तो शेवटचा उपाय समजावा. ८.० आवृत्तीत ही सूचना दिली की सर्व्हर नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या आपोआप बंद करतो, ही सुधारणा चांगली आहे. पण त्यामुळेच विंडोजवर सोबत 'शेअर्ड-मेमरी' ही सूचना न दिल्यास सर्व्हर सुरूच होत नाही आणि पुष्कळ जण तेथे अडकतात. शिवाय या अवस्थेत 'फ्लश प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा दिल्याशिवाय 'ऑल्टर यूजर' चालत नाही. १२९० क्रमांकाची त्रुटी येते ती यामुळेच.

एक सूचना तांत्रिक नाही, तरी करतो. हे काम कार्यकारी मंडळाच्या ठरावाने करा, कोण करणार आणि नवा पासवर्ड कोणाच्या ताब्यात राहणार हे इतिवृत्तात नोंदवा आणि पासवर्ड लिहिलेले मोहोरबंद पाकीट ग्रंथालयाच्या तिजोरीत ठेवा. पदाधिकारी बदलतील तेव्हा पाकिटाचाही कार्यभार रीतसर हस्तांतरित झाला पाहिजे.

प्रश्न : मी विलेपार्ले येथील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यक ग्रंथपाल आहे. आमच्याकडे डेबियन लिनक्सवर 'कोहा' हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर चालते. त्यामागच्या मारियाडीबी या डेटाबेसचा रूट पासवर्ड कोणालाच आठवत नाही. एका जुन्या टिपणाप्रमाणे 'यूजर' तक्त्यातील 'पासवर्ड' हा रकाना बदलू पाहिला, तर तो बदलता येत नाही असा संदेश आला.
— साहाय्यक ग्रंथपाल, विलेपार्ले

उत्तर : बाई, ते टिपण जुन्या आवृत्तीचे आहे. मारियाडीबी १०.४ पासून 'यूजर' हा खरा तक्ता राहिलेला नाही. ते 'ग्लोबल_प्रिव्ह' या तक्त्यावरून घडवलेले केवळ दृश्य आहे, म्हणून त्यात थेट बदल होत नाही. मायएसक्यूएलमध्येही ५.७ आवृत्तीत तो 'पासवर्ड' रकाना गेला आणि ८.० मध्ये 'पासवर्ड' हे फंक्शनही काढून टाकण्यात आले, त्यामुळे जुन्या टिपणांतील ही आज्ञा आता कोठेच वापरू नये.

आपल्याला मात्र पासवर्डाची गरजच नसावी. डेबियनवर मारियाडीबीचे रूट खाते सहसा 'युनिक्स_सॉकेट' या पद्धतीने ओळख पटवते, म्हणजे लिनक्सचा रूट वापरकर्ता आपणच आहात एवढे पाहून आत घेते. 'सूडो मारियाडीबी' एवढीच आज्ञा देऊन पाहा. ज्या पासवर्डाचा शोध चालू आहे, तो कदाचित कधी ठेवलेलाच नसेल. आत गेल्यावर रूटला मुद्दाम पासवर्ड देऊ नका, कारण यंत्रणेच्या देखभालीची काही कामे याच वाटेने आत जातात आणि ती बंद पडू शकतात. कोहा स्वतः वेगळ्या खात्याने डेटाबेसशी बोलते; त्याचे नाव आणि पासवर्ड 'कोहा-पासडब्ल्यूडी' या आज्ञेपुढे आपल्या कोहा-संचाचे नाव दिल्यास दिसतात. हा पासवर्ड आणि ग्रंथपाल म्हणून ब्राउझरमध्ये आपण रोज वापरता तो पासवर्ड या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एक बदलून दुसरा बदलत नाही.

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. मालाचा साठा आणि बिले मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आहेत. संगणकाचे कंत्राट ज्यांच्याकडे होते, त्यांच्याशी व्यवहार संपला आणि आता ते 'एसए' या प्रशासक खात्याचा पासवर्ड देण्यास टाळाटाळ करतात. सर्व्हर आमच्या मालकीचा आहे. तो पासवर्ड आम्ही स्वतः बदलणे कायद्याने योग्य आहे का आणि कसे करावे?
— एक उद्योजक, अंधेरी

उत्तर : माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा त्याचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीविना केलेल्या प्रवेशाबद्दल बोलते. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले, तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संगणक आणि त्यातील माहिती आपली असेल, तर परवानगी देणारे आपणच आहात. कंत्राटात डेटाबेसच्या किंवा सॉफ्टवेअरच्या मालकीबद्दल काही वेगळे लिहिले असल्यास मात्र आधी वकिलांना ते दाखवा आणि पासवर्डाची मागणी एकदा लेखी करून ठेवा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मालकासाठी रीतसर वाट ठेवलेली आहे. २००८ च्या आवृत्तीपासून विंडोजचे स्थानिक प्रशासक आपोआप डेटाबेसचे सर्वाधिकारी होत नाहीत. परंतु सर्व्हर एकाच वापरकर्त्याच्या अवस्थेत सुरू केला, तर त्या गटातील व्यक्तीला सर्वाधिकारी म्हणून प्रवेश मिळतो. आधी एसक्यूएल सर्व्हर एजंट ही सेवा थांबवा आणि बिले करणारे सर्व संगणक बंद करा. ती एकच जागा असते आणि एजंटाने किंवा बिलांच्या सॉफ्टवेअरने ती आधी पटकावली, तर आपण बाहेरच राहता. त्यानंतर मुख्य सेवा थांबवून ती 'एम' या सूचनेसह सुरू करा. सूचनेला जोडून मोठ्या अक्षरांत 'एसक्यूएलसीएमडी' असे लिहिले, तर त्या नावाच्या प्रोग्रामाखेरीज दुसऱ्या कोणाला जागा मिळत नाही. मग प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून एसक्यूएलसीएमडी चालवा.

आत गेल्यावर 'एसए'चा पासवर्ड बदलण्यापेक्षा आपल्या विश्वासातील व्यक्तीच्या विंडोज खात्यासाठी 'क्रिएट लॉगिन' करून, 'ऑल्टर सर्व्हर रोल' या आज्ञेने ते 'सिसअ‍ॅडमिन' या गटात घालावे, असे मी सुचवेन. 'एसए' हे नाव जगभर ठाऊक असल्यामुळे पासवर्डांचे अंदाज बांधणारे प्रोग्राम त्याच्यावरच चालवले जातात. तेव्हा बिलांचे सॉफ्टवेअर ते खाते वापरत नाही, याची खात्री करून ते निष्क्रिय करणेच बरे. नंतर 'एम' ही सूचना काढून सेवा नेहमीप्रमाणे सुरू करा. आपल्या बाबतीत काम एवढ्याने संपत नाही. 'सिस.सर्व्हर_प्रिन्सिपल्स' ही यादी काढून कंत्राटदारांनी स्वतःसाठी उघडलेली इतर खाती पाहा, विंडोजमधील त्यांची प्रशासक खाती बंद करा आणि सर्व्हरवर दुरून ताबा घेण्याचे एखादे सॉफ्टवेअर राहिले असल्यास तेही काढा. ही दारे उघडी ठेवून एकाच खात्याचा पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी भांडुप येथे राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आमच्या प्रकल्पाच्या पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा पासवर्ड विसरलो म्हणून, कोणाला कसे आत घ्यायचे हे ठरवणाऱ्या 'पीजी_एचबीए.कॉन्फ' या फाइलीत 'ट्रस्ट' असे लिहून नवा पासवर्ड ठेवला. आता सगळे चालते. ती ओळ तशीच राहिली तर काही बिघडते का?
— एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : बिघडते आणि पुष्कळ बिघडते. ती ओळ तेथे आहे तोपर्यंत आपण ठेवलेला नवा पासवर्ड कोणी तपासतच नाही. सगळे चालते असे वाटते ते त्यामुळेच. चुकीचा पासवर्ड दिला असता, तरी ते चालले असते. त्या ओळीच्या कक्षेत येणारा कोणीही 'पोस्टग्रेस' हे प्रशासक खात्याचे नाव सांगून सर्वाधिकारी होतो आणि असा सर्वाधिकारी 'कॉपी' या आज्ञेच्या 'प्रोग्राम' या रूपाने सर्व्हरच्या संगणकावर थेट आज्ञाही चालवू शकतो. ओळीत फक्त आपल्या संगणकाचा पत्ता असेल, तर धोका त्या संगणकावरील इतर वापरकर्ते आणि प्रोग्राम यांच्यापुरता आहे. वसतिगृहाच्या किंवा महाविद्यालयाच्या वाय-फायचा पूर्ण पट्टा असेल, तर तो तेथील प्रत्येकापासून आहे. मधल्या काळात कोण येऊन गेले, हे लॉग बहुधा सांगणार नाही, कारण जोडण्यांची नोंद ठेवण्याची सोय मुळात बंद असते. म्हणून 'डीयू' ही आज्ञा उलट्या तिरप्या रेघेसह देऊन आपण न उघडलेले एखादे खाते त्यात आहे का, ते अवश्य पाहा.

ट्रस्ट लिहिलेली ओळ अजून लागू आहे तोवरच पासवर्ड पुन्हा एकदा ठेवा, पण या वेळी उलट्या तिरप्या रेघेपुढे 'पासवर्ड' टंकून. 'ऑल्टर यूजर' या आज्ञेत पासवर्ड उघडा लिहावा लागतो आणि तो आज्ञांच्या इतिहासात किंवा लॉगमध्ये राहू शकतो. या दुसऱ्या पद्धतीत सर्व्हरकडे जाण्याआधीच त्याचे रूपांतर होते. त्यानंतर 'ट्रस्ट' काढून 'स्क्रॅम-एसएचए-२५६' हे पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीचे नाव लिहा आणि 'पीजी_रीलोड_कॉन्फ' या फंक्शनाने फाइल पुन्हा वाचायला सांगा. फाइलीत कोठे चूक राहिली असेल, तर सर्व्हर नवी फाइल नाकारतो आणि जुन्याच नियमांवर, म्हणजे आपल्या बाबतीत 'ट्रस्ट'वर चालत राहतो, हे ध्यानात असू द्या. १० व्या आवृत्तीपासून 'पीजी_एचबीए_फाइल_रूल्स' या दृश्यात अशी चूक ओळीच्या क्रमांकासह दिसते. नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियम लागू होतो, त्यामुळे वर एखादी दुसरी ट्रस्टची ओळ शिल्लक असेल, तर खालची दुरुस्ती निरुपयोगी ठरते. हे सर्व झाल्यावर मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन आत जाण्याचा प्रयत्न करा. सर्व्हरने तो नाकारला, तरच बदल लागू झाला असे समजा.